कोपऱ्यावरची सही

मार्लीन मार्चमध्ये गेली. आता जून लागला होता, आणि शुक्रवारी पाचच्या आत गावकचेरीत अर्ज पोचला नाही, तर हेझेल कोर्टवरची उन्हाळ्याची पार्टी यंदा होणार नव्हती. एकतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

अर्ज मार्लीनच भरायची. दिवसभर रस्ता बंद ठेवायचा तर घरोघरच्या सह्या लागतात. ज्याच्या दारासमोर अडथळे लागतात, त्या कोपऱ्यावरच्या घराची तर लागतेच. तिचा नवरा लेन कुचेरा फक्त ते अडथळे ओढून आडवे लावायचा.

"यंदा राहू दे रे," समोरची फिलिस म्हणाली. "तुला कोणी नावं ठेवणार नाही."

"मीच ठेवीन. कर सही."

निम्मी गल्ली शिकागोहून सहाच्या गाडीने परतते, म्हणून तो तीन दिवस संध्याकाळी दारं वाजवत फिरला. बऱ्याच जणांची नावं त्याला दारातच कळली. एका बाईने तर विचारलं, "म्हणजे मार्लीनला खरंच नवरा होता? आम्हाला वाटायचं, थापा मारते."

राहिला कोपरा. तिथे कॅझ टॉमचाक. घरासमोर होडी उभी करायची नाही असा गावचा नियम. कॅझने केली होती. लेनने कचेरीत फोन केला, नोटीस आली, होडी विकावी लागली. आठ वर्षं दोघांत शब्द नव्हता. तरी मार्लीन दरवर्षी त्याची सही आणायची. कशी, ते लेनने कधी विचारलं नाही.

शुक्रवारी चार वाजून गेल्यावर त्याने बेल वाजवली. कॅझने दार उघडलं, कागद पाहिला.

"मग? आधी म्हण."

"काय म्हणू?"

"दरवर्षीचं. मार्लीन येऊन सांगायची, होडीचं लेनला फार वाईट वाटतं, पण बोलायला त्याची जीभ रेटत नाही. मग मी सही करायचो."

लेन बघतच राहिला. "मी असलं काही सांगितलं नव्हतं तिला."

कॅझ दाराबाहेर पायरीवर आला.

"आणि दरवर्षी मार्लीनच्या हाती तू माझ्यासाठी सॉसेज पाठवायचास ना?" लेनने विचारलं. "झालं गेलं विसर म्हणून?"

"मी? कुत्र्याला घातलं असतं, पण तुला नसतं दिलं!"

आधी कॅझला हसू फुटलं. "आठ वर्षं गंडवलं की रे बाईने!"

लेनही हसला. मार्चनंतर पहिल्यांदाच. हसता हसता त्याला चष्मा काढून पुसावा लागला.

"होडी चांगली होती," तो म्हणाला. एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण तो थांबला नाही. "तो फोन मी करायला नको होता, कॅझ. चुकलं माझं."

कॅझने कागद दाराच्या चौकटीवर धरला आणि सही केली. मग घड्याळ बघितलं.

"पावणेपाच झाले. तुझ्या चालीने तू सोमवारी पोचशील. बस गाडीत."

वाटेत कॅझने विचारलं, "तिचं ते बटाट्याचं सॅलड कोण करणार?"

"तिची वही आहे. बघतो जमतंय का."

"बघ. सॉसेज मी आणतो," कॅझ म्हणाला. "या खेपेला खरोखर."