लेक काय बोलली

पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात मी एकतीस वर्षं काढली, सगळी प्रेस खात्यात. बारा प्रेस ओळीनं उभे, प्रत्येक प्रेस मिनिटाला चाळीस वेळा पत्र्यावर आदळणारा. सुरुवातीला घरी आल्यावरही डोक्यात घणघण चालू असायची. पुढे ती थांबली. मला वाटलं, चला, सवय झाली. खरं तर कान चालले होते.

बहिरेपण एकदम येत नाही. आधी दारावरची बेल गेली, मग कुकरची शिट्टी, मग माणसांचे शब्द. जाड आवाज अजूनही थोडाफार कळतो. मुकादम ओरडला की अर्धंअधिक समजायचं, आणि उरलेल्या शिव्याच असायच्या, त्यामुळे काही बिघडत नव्हतं. पण लेकीचा आवाज बारीक. माणसांच्या आवाजांत तो सगळ्यात आधी गेला.

डॉक्टर म्हणाले, शिरा कामातून गेल्यात, कानाला मशीन लावलंत तर आवाज मोठा होईल, शब्द स्पष्ट होतीलच असं नाही. मशीन चार दिवस लावलं. भांड्यांचा खणखणाट थेट मेंदूत जायचा आणि माणसं मात्र तशीच पाण्याखालून बोलल्यासारखी. काढून ठेवलं.

लेकीला सांगितलं नाही. ती अकरा वर्षांची असताना तिची आई गेली, तेव्हापासून घरात आम्ही दोघंच. आता बापही थोडा थोडा चाललाय असं तिला वाटू नये, एवढंच मनात होतं. पुढे पुढे नुसती लाज उरली. मी ओठ बघायचो, अंदाज बांधायचो, हसून मान डोलवायचो. कधी कधी ती चिडायची, "बाबा, लक्ष कुठाय तुमचं?" मग हळूहळू तिचं बोलणंच कमी झालं. मी मनाची समजूत घातली की पोरगी मोठी झाली.

तिनं लग्न स्वतः जमवलं. मुलगा चांगला, शांत, पण नोकरी दूरच्या देशात. लग्नानंतर चार दिवसांनी दोघं जाणार होती.

नोंदणी कार्यालयात सगळं सुरळीत झालं. अधिकाऱ्याचा आवाज भरदार होता, सही कुठे करायची ते त्यानं बोटानं दाखवलं. तिथून आम्ही जेवणाच्या हॉलमध्ये गेलो. साठेक माणसं होती. पंखे फिरत होते, ताटल्या वाजत होत्या. आणि लेक माइक घेऊन उभी राहिली.

माइकनं तिचे ओठ झाकले गेले. मी पहिल्या रांगेत बसून नुसता तिच्या डोळ्यांकडे बघत राहिलो. लोक हसले, तसा मीही हसलो. तिनं माझ्याकडे बघितलं, खूश झाली. ती पुढे बोलत राहिली. थोड्या वेळानं शेजाऱ्यांचे खांदे हलताना दिसले, व्याह्यांनी तोंडाला रुमाल लावला. मला वाटलं, पुन्हा काहीतरी गमतीचं. मी मोठ्यानं हसलो.

एकटाच हसलो होतो. लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं माइक टेबलावर ठेवला आणि ती खाली बसली.

माझ्या थोरल्या बहिणीनं, ताईनं, मला दंडाला धरून हात धुवायच्या जागेपाशी नेलं. ती इतकी संतापली होती की तोंडासमोर तोंड आणून एकेक शब्द तोडून बोलत होती, म्हणून मला सगळं कळलं.

"हसलास काय तू? पोरगी सांगत होती, आई गेल्यावर बाबा माझी वेणी घालायचे, इतकी वाकडी की मी शाळेच्या दारात सोडून परत घालायचे. लोक हसले, ठीक. मग म्हणाली, एक दिवस लवकर घरी आले तर बाबा खुर्चीला दोरीचे तीन पदर बांधून वेणी शिकत होते. शिकता शिकता रडत होते. त्या दिवसापासून मी वाकडी वेणी तशीच मिरवली. आणि तू तिथे खो-खो हसतोस?"

"ताई, मला ऐकू येत नाही गं."

माझ्या मते मी हे कुजबुजलो. पण आपला आवाज केवढा निघतो ते बहिऱ्याला कळत नाही. सगळा हॉल वळून बघायला लागला. लेक उठून आली, माझ्यासमोर उभी राहिली.

"कधीपासून?"

"सात वर्षं झाली."

तिनं बोटांवर वर्षं मोजली. मग माझा चेहरा दोन्ही हातांत धरून सावकाश म्हणाली, "म्हणजे गेल्या वर्षी मी विचारलं होतं, तेही ऐकलं नाहीत?"

"काय विचारलं होतंस?"

"की एवढ्या लांब जाऊ का? तुम्ही नको म्हणालात तर त्याला इकडे बोलावेन, तो यायला तयार होता. तुम्ही हसून हो म्हणालात, बाबा. दोनदा विचारलं. दोनदा हो म्हणालात. मला वाटलं, तुम्हाला मी जाणं सोयीचंच आहे."

मला तो दिवस आठवला. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, मान खाली. मी समजलो, जेवण वाढू का विचारतेय.

"ऐकू आलं असतं तरी हो म्हणालो असतो," मी म्हणालो. ते खोटं होतं. तिलाही ते कळलं असावं. ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून काहीतरी बोलली, बराच वेळ बोलली. तिचा श्वास मानेला लागत होता. एकही शब्द कळला नाही, आणि परत सांग म्हणायचा धीर झाला नाही.

पुढचे चार दिवस ती माझ्यासमोर बसून, तोंड नीट दिसेल असं, सावकाश बोलायची. मला जवळजवळ सगळं समजायचं. ऑफिसातल्या गमती, नवऱ्याच्या सवयी, लहानपणीची भांडणं. इतकं सोपं होतं ते. सात वर्षांत कधीही करता आलं असतं. याच विचारानं मला जेवण जात नव्हतं.

मग ती गेली. जायचं सगळं ठरलेलं होतं, नोकरी, घर, कागदपत्रं.

रविवारी ती फोनवर चेहरा दाखवते. चित्र अडकतं, ओठांची हालचाल मध्येच तुटते, आणि मी पुन्हा मान डोलवायला लागतो. तेही तिला कळतं. मग ती लिहून पाठवते, "जेवलात का?" मी लिहितो, "हो." त्याच्या पुढे काय लिहावं, दोघांनाही सुचत नाही.