ढिगाची ऊब

आमच्या लॉन्ड्रीत धाकट्या भाऊजींचा एक नियम होता. टॉवेल गरम असतानाच घडी घालायची. ड्रायरची शेवटची गार वाऱ्याची फेरी ते मध्येच बंद करायचे. गरम घडीला इस्त्री लागत नाही, हे खरंच. चादरींना ते चालून जायचं. पण त्या थंडीत मसाजवाल्यांचे टॉवेल यायला लागले आणि कितीही धुतले तरी त्यांचा तेलाचा वास काही सुटेना.

"भाऊजी, आधी गार होऊ द्या हो हे."

"वहिनी, गरम वस्तू आज ना उद्या गार होतेच. तुम्ही कशाला डोकं तापवून घेता?"

मागच्या खोलीत ते घड्यांचा छातीइतका ढीग रचायचे आणि वर जाड ब्लँकेट घालायचे. भोळी माणसं म्हणतात ब्लँकेट ऊब देतं. कसलं देतंय! ते फक्त आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही. पण या घरात माझं ऐकतो कोण?

सासूबाईंचे गुडघे थंडीत त्यांना रडकुंडीला आणायचे. त्यांनी तो ढीग शोधून काढला आणि उठल्यापासून त्याला पाठ टेकून बसायला लागल्या. दार लावून, कारण वारा येतो.

"सूनबाई, इतक्या वर्षांत तुझ्या हातून असं सुख नाही मिळालं मला."

"मग टॉवेललाच सून करून घ्यायचं होतं ना," मी म्हटलं. त्या खुदकन हसल्या. आमचं असंच चालायचं, उठता बसता.

एका सकाळी मी त्यांना चहा द्यायला गेले तर म्हणाल्या, "आज कालच्यापेक्षा छान तापलंय गं."

मी जागच्या जागी थांबले. ड्रायर अजून सुरूच केला नव्हता. हा कालचाच ढीग. टेबलावर ठेवलेला चहा कधी आपणहून उकळायला लागतो का? मी ब्लँकेटवर हात ठेवला, कोमट. मग घड्यांच्या मधे हात सारला आणि किंचाळून बाहेर काढला. बोटं भाजली होती. आतल्या टॉवेलची कड पिवळी पडली होती, आणि विसरलेल्या इस्त्रीखाली कापड करपतं ना, तसा वास येत होता. कपड्यात राहिलेलं तेल आपलं आपण तापत होतं, आणि मधल्या उष्णतेला बाहेर पडायला वाटच नव्हती.

"आई, उठा. आत्ताच्या आत्ता उठा इथून."

"का? माझं सुख सलतंय तुला?"

"अहो, हे पेटेल!"

"काही पेटत नाही. डोकं दुखतंय माझं, झोपू दे जरा."

मला भीती वाटली, आणि भीती वाटली की मला राग येतो. पण त्यांना एकटीने उचलणं मला जमणारं नव्हतं. मी भाऊजींना बोलवायला पळाले. ते टेम्पोत गठ्ठे चढवत होते.

"आलोच, एवढे चढवून."

"भाऊजी, आत हात घालून बघा एकदा!"

"सकाळीच बघितलं मी. वरून कोमट आहे."

मी ओढतच आणलं त्यांना. तर आतून कडी! मी पुन्हा कटकट करायला येईन म्हणून सासूबाईंनी कडी घातली होती. मी दार बडवलं, हाका मारल्या. शेवटी भाऊजींनी खांद्याने कडी तोडली.

खोलीत धुराने धूसर झालं होतं, डोळे चुरचुरले. ज्वाळा कुठेच नव्हती. सासूबाई ढिगाला टेकून शांत बसल्या होत्या, मान कलती, गाल ब्लँकेटला लागलेला.

"बघा, झोपेचं सोंग," मी ओरडले. गालाला हात लावला, गाल चांगला गरम. माझ्या जिवात जीव आला. दोघांनी त्यांना उचलून बाहेरच्या बाकावर गार हवेत निजवलं.

"अंग गरम आहे वहिनी. काही झालेलं नाही," भाऊजी धापा टाकत म्हणाले आणि फोन करायला धावले. मागे ढिगातून काळा धूर निघायला लागला होता.

मी त्यांचे हात हातात घेतले. बोलत राहिले, रागावत राहिले. "उठा हो आई, पुरे झालं आता." पाठ ढिगाच्या उबेने अजून गरम होती, पण छाती हलत नव्हती. बंद खोलीतला तो धूरच त्यांना झोपवून गेला होता. मग बोटं गार झाली. मग मनगट. मग गाल. मी दोन्ही तळव्यांनी जोरजोरात चोळत होते. माझी ऊब त्यांच्यात जात होती, आणि त्यांच्याकडून काहीच परत येत नव्हतं.