उपाशीपोटी सत्त्याण्णव

दुबईच्या करामा भागातल्या मराठी मंडळींत कुणाकडेही जेवण असलं, की विडा फिरायच्या आधी वासुदेव ओगल्यांचं ग्लुकोमीटर फिरायचं. ओगले देऱ्यातल्या एका ट्रेडिंग कंपनीत हिशेब बघायचे आणि बारा वर्षं स्वतःची साखर सांभाळत होते. त्यातलं दुसरं काम त्यांना जास्त आवडायचं. चेनच्या काळ्या पिशवीतून ते मीटर काढत, प्रत्येकासाठी नवी सुई लावत, बोट दाबून थेंब काढत आणि लग्नाचा मुहूर्त सांगावा तशा आवाजात निकाल देत. "एकशे बत्तीस. नॉर्मल. घ्या अजून एक जिलबी." किंवा, "दोनशे दहा. आता मी काय बोलू?" डॉक्टरकडे जायचं तर इन्शुरन्सचं अप्रूव्हल लागतं, ओगल्यांकडे नुसतं बोट पुढे केलं की झालं. दुसऱ्याच्या बोटातलं रक्त बघून या माणसाला इतकं समाधान का मिळतं, हे त्यांच्या बायकोला, हेमाला, कधी उमगलं नाही. पण लोक मान देत होते, आणि मानाची गोडी ओगल्यांना पथ्यात बसत होती.

त्यांचा एकुलता एक मुलगा सुजीत दुबईतच वाढलेला. त्याची नोकरी फुजैराला, तेलाच्या टर्मिनलवर. आठवडाभर तिकडे आणि शनिवार-रविवार घरी. सून शुभ्रा साताऱ्याची. तिला सातवा महिना लागला होता. सुजीत नसायचा, म्हणून तिला क्लिनिकला न्यायचं काम सासऱ्यांकडे होतं आणि क्लिनिकमध्ये नोंदवलेला फोन नंबरही त्यांचाच होता. हे काम ते मनापासून करायचे, हेही सांगायला हवं. सुनेसाठी गाडीचा एसी आधी सुरू करून ठेवणारा सासरा सगळ्यांच्या नशिबी नसतो.

सातव्या महिन्यात करतात ती ग्लुकोजचं पाणी पाजून घ्यायची तपासणी झाली आणि रिपोर्ट आला. शुभ्रा तो घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिली.

"बाबा, डॉक्टर फिझांनी परत बोलावलंय. साखर जास्त आहे म्हणाल्या."

ओगल्यांनी चष्मा लावला. उपाशीपोटी सत्त्याण्णव. त्यांना हसूच आलं.

"अगं, ही जास्त? मला एक दिवस सत्त्याण्णव आली तर मी अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटीन."

"पण त्या म्हणाल्या, प्रेग्नन्सीत मोजमाप वेगळं असतं."

"वेगळंबिगळं काही नसतं. हे बघ, इथे छापलंय. सत्तर ते नव्व्याण्णव नॉर्मल. लाल खूणसुद्धा नाहीये आकड्यापुढे. इन्शुरन्सचं अप्रूव्हल मिळतं ना, मग बोलवत राहतात हे लोक."

छापलेलं खरं होतं. फक्त ते सर्वसाधारण माणसांसाठी छापलेलं होतं, पोटात बाळ असलेल्या बाईसाठी नव्हे. पण हा विचार ओगल्यांच्या मनाला शिवला नाही. बारा वर्षं सकाळ-संध्याकाळ बोट टोचून घेतलेल्या माणसाला साखरेतलं आणखी काही शिकायचं उरलंय, असं वाटतच नाही.

शिवाय भेटीची वेळ होती शनिवारी सकाळची, आणि शनिवारीच डोहाळेजेवण. हॉल ठरलेला, केटररला सांगून झालेलं, मोगऱ्याचे दागिने गुंफायला टाकलेले. क्लिनिकचा मेसेज ओगल्यांच्या फोनवर आला: येणार की नाही, कळवा. त्यांनी सोफ्यावर बसल्याबसल्या 'नाही'वर बोट ठेवलं.

"कॅन्सल करून टाकली. खलास," ते शुभ्राला म्हणाले. "डोकं शांत ठेव. नंतर बघू."

शुभ्राने फोनकडे बघितलं. "बरं," म्हणाली. सासरी राहणाऱ्या मुलीचं 'बरं' किती गोष्टी गिळून येतं, हे ऐकणाऱ्याला सहसा कळत नाही. ओगल्यांनाही कळलं नाही.

डोहाळेजेवण थाटात झालं. हिरव्या साडीतली, मोगऱ्याचा मुकुट घातलेली शुभ्रा झोपाळ्यावर बसली, बायकांनी गाणी म्हटली, ओटी भरली. झाकलेल्या दोन वाट्या पुढे आल्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. तिने उघडली तिच्यात पेढा निघाला, म्हणून सगळ्यांनी मिळून तिला तो खायला लावला. आणि बर्फी रुसेल म्हणून तीही. साताऱ्याहून तिची आई व्हिडिओ कॉलवर सगळं बघत होती आणि पदराने डोळे टिपत होती. जेवणं झाली, गप्पा रंगल्या, आणि कुणीतरी म्हणालं, "ओगलेकाका, आज सूनबाईंची बघा की."

ओगले तयारच होते. शुभ्राने हात मागे घेतल्यासारखं केलं, पण सगळे बघत होते. त्यांनी बोट टोचलं. जेवून दोन तास होऊन गेले होते.

"एकशे अडतीस," त्यांनी जाहीर केलं. "नॉर्मल. आणि डॉक्टर म्हणे जास्त आहे."

लोक हसले, टाळ्याही पडल्या. पुढे आठवड्याभराने शुभ्राने एकदा विचारलं, आता परत अपॉइंटमेंट घेऊ का. "कशाला? मी बघितली ना तुझी," ओगले म्हणाले. त्यानंतर तिने विचारलं नाही.

महिन्याने ठरलेली सोनोग्राफी आली. सुजीतने रजा काढली होती, म्हणून तिघं मिळून गेले. डॉक्टर फिझांनी पडद्यावर बराच वेळ मापं घेतली. त्यांचा चेहरा बदलला.

"बच्चा काफी बड़ा है. खासकर पेट. पानी भी ज़्यादा है," त्या म्हणाल्या. "शुभ्रा, आपकी फास्टिंग सत्तानवे थी. प्रेग्नन्सी में बानवे से ऊपर हम शुगर मानते हैं. खाने के दो घंटे बाद एक सौ बीस के अंदर चाहिए. उसी दिन डायट शुरू करते तो बात अलग होती. आप आयीं क्यों नहीं?"

एकशे वीस. ओगल्यांच्या कानात मोगऱ्याच्या दिवशीच्या टाळ्या वाजल्या. ते भिंतीला टेकून उभे होते. भिंतीने आत घ्यावं असं त्यांना वाटलं. आता शुभ्रा सांगणार. सांगू दे. निदान हे ओझं तरी उतरेल.

"भूल गयी थी," शुभ्रा म्हणाली. सासऱ्यांकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

आणि ओगले गप्प राहिले. आधी धक्क्याने, मग भीतीने, आणि मग गप्प राहून इतका वेळ झाला म्हणून. परतीच्या वाटेवर गाडीत सुजीत चिडला. "हाऊ कॅन यू फर्गेट, शुभ्रा? इट्स अवर बेबी. एक मेसेज आला असेल, एक फोन आला असेल. यू जस्ट हॅड टु गो." ती खिडकीबाहेर बघत राहिली. पुढच्या सीटवर ओगल्यांनी पट्टा सैल केला, परत आवळला. मेसेज कुणाच्या फोनवर आला होता, हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

संध्याकाळपर्यंत बातमी साताऱ्याला पोचली आणि तिकडून फोन आला. शुभ्रा कणीक मळत होती, म्हणून फोन स्पीकरवर होता, आणि ओगले तिथेच टेबलाशी बसले होते.

"काय गं हा बेजबाबदारपणा?" तिची आई कडाडली. "घरात वासुदेवरावांसारखा जाणता माणूस. ते दुसऱ्यांच्या साखरा बघत फिरतात, आणि तू डॉक्टरकडे जायचं विसरतेस? कुणाच्या जिवाशी खेळतेस तू? लहानपणापासून तुझं हेच."

शुभ्राचे हात परातीत थांबले होते. ती "हो आई", "चुकलं आई" म्हणत होती. ओगल्यांनी समोरचा चहा उचलला आणि थंड झालेला सगळा प्यायला. हेमाने एकदा त्यांच्याकडे बघितलं, पण तिला काही ठाऊक नव्हतं. स्वतःची इतकी किळस त्यांना जन्मात आली नव्हती.

मग शुभ्राचं पथ्य सुरू झालं, आणि ते पुरेना म्हणून रात्रीचं इन्सुलिन. तिने क्लिनिकमधून स्वतःचं मीटर आणलं. खोलीत जाऊन दार लोटून घेऊन ती बोट टोचायची आणि आकडे थेट डॉक्टर फिझांना पाठवायची. सासऱ्यांना ती कधी टाकून बोलली नाही. चहा वेळेवर द्यायची, औषधाची आठवण करायची. ती भांडली असती तर बरं झालं असतं, असं ओगल्यांना रोज वाटायचं. बाहेर कुणाकडे जेवण असलं आणि कुणी बोट पुढे केलं, की ते मीटरची बॅटरी गेल्याचं सांगायचे. ती काळी पिशवी त्यांनी कपाटात हिवाळी कपड्यांखाली सारली होती. दुबईत त्या कपड्यांना कोण हात लावतंय.

बाळंतपण ठरलेल्या दिवसाच्या जरा आधी, सिझेरियनने झालं. मुलगा, चार किलोच्या वर. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये भेटायला आलेली मंडळी म्हणाली, "वा, गुटगुटीत आहे हो नातू." ओगले हात जोडून हसले. पण बाळ हाताशी नव्हतं. जन्मल्यावर तासाभरात त्याची साखर एकतीसवर घसरली आणि त्याला नर्सरीत नेलं होतं. आईच्या रक्तातून पोटात जास्तीची साखर मिळायची, तिला पुरून उरेल इतकं इन्सुलिन ते बाळ बनवत होतं. नाळ कापली, साखर थांबली, इन्सुलिन तसंच राहिलं. हे सगळं डॉक्टर फिझांनी सुजीतला शांतपणे समजावलं. ओगले मागे उभे राहून ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाळ शुभ्राजवळ आणून दिलं. दर वेळी दूध पाजायच्या आधी त्याची टाच टोचायची होती. स्मिता नावाच्या नर्सने ते चिमुकलं पाऊल हातात धरलं. टाचेवर आधीच्या टोचण्यांचे लालसर ठिपके दिसत होते. बाळ किंचाळलं. शेकडो बोटं टोचलेले ओगले तोंड फिरवून खिडकीकडे बघायला लागले.

"फिफ्टी टू," नर्स म्हणाली.

"बावन्न?" ओगले गर्रकन वळले. त्यांची स्वतःची साखर एकदा बावन्नवर आली होती तेव्हा ते देऱ्यातल्या फुटपाथवर कोसळले होते. "अहो, बावन्न म्हणजे... डॉक्टरांना बोलवा. सुजीत, जा, पळ."

"बाबा, बसा," शुभ्रा म्हणाली. तिचा आवाज दमलेला होता. "बाळाला बावन्न चांगली आहे. डॉक्टरांनी सांगितलंय मला."

ओगले खुर्चीत बसले. बारा वर्षं ते साखर शिकत होते आणि एकाच माणसाची शिकले होते, स्वतःची. तेवढ्या भांडवलावर त्यांनी अख्ख्या करामाला निकाल दिले होते. त्यांना मान वर करवेना.

सुजीत रात्रभर जागा होता. बाळाच्या टाचेवर कापूस धरून तो पुटपुटला, "वन अपॉइंटमेंट, शुभ्रा. तेवढी गेली असतीस तर धिस लिटल गाय... लुक ॲट हिज फूट."

शुभ्राने डोळे मिटून घेतले. त्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी उशीवर ओघळलं.

"ती विसरली नव्हती," ओगले म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. "मेसेज माझ्या फोनवर आला होता. मी कॅन्सल केली. तिने मला सांगितलं होतं, मोजमाप वेगळं असतं म्हणून. मी हसलो तिला. नंतर तिने परत विचारलं, तेव्हाही मीच नको म्हणालो."

सुजीतच्या हातातला कापूस खाली पडला. तो बापाकडे बघत राहिला. "आणि इतके दिवस मी तिला बोलतोय," तो सावकाश म्हणाला. मग तो शुभ्राच्या उशाशी गेला आणि तिथेच उभा राहिला, तिच्या केसांवर हात ठेवून.

ओगले शुभ्राजवळ आले. माफी मागायला त्यांनी तोंड उघडलं, पण तिनेच आधी उशाजवळचा फोन उचलून त्यांच्यापुढे धरला.

"माझ्या आईला सांगा," ती म्हणाली. "ती परवा येतेय. येऊन परत मलाच बोलेल. त्याच्या आधी सांगा."

फोन लागला. पलीकडून आनंदाने भरलेला आवाज आला. "वासुदेवराव! अहो, अभिनंदन. तुम्ही होतात म्हणून निभावलं बघा. आमची ही अशी वेंधळी—"

"विहीणबाई," ओगले म्हणाले, "शुभ्राचं काही चुकलेलं नाही. डॉक्टरांची भेट मी रद्द केली होती. मला वाटलं, मला सगळं कळतं. दोष माझा आहे, आणि तो मी तिच्यावर जाऊ दिला."

साताऱ्याच्या त्या घरातला पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

"त्या दिवशी मी पोरीला इतकं टाकून बोलले," शेवटी त्या म्हणाल्या. "फोन स्पीकरवर होता ना? तुम्ही तिथेच होतात?"

शुभ्रा त्यांच्याकडे बघत होती.

"हो," ओगले म्हणाले. "समोरच बसलो होतो."