पुढची चार मिनिटं

दुसऱ्या खेपेलाही सदा नेमका त्याच जागी थांबला. त्याने सनई ओठांपासून काढली, मांडीवर आडवी ठेवली आणि चूक झालेल्या माणसासारखा समोर पाहू लागला.

श्रीवर्धनच्या त्या वाडीत सुपारी साठवायची खोली होती. नवी मुंबईच्या चार पोरांनी तिच्या भिंतींना गाद्या टेकवून तिचा स्टुडिओ केला होता. त्यांच्या बँडचं नाव ‘शेंडेनक्षत्र’. अंतराळात निघालेल्या यानाची गोष्ट त्यांच्या अल्बममध्ये होती. आठ तुकडे, गाणी म्हणावीत तर शब्द फारच थोडे. गिटारचा आवाज विहिरीतून आल्यासारखा लांबत जायचा, आणि शिवानी नावाची मुलगी तारांनी भरलेल्या पेटीवरची बटणं फिरवून त्यातून वारा काढायची. सात तुकडे झाले होते. आठव्यासाठी त्यांना सदा हवा होता.

खरं तर त्यांना दोघं भाऊ हवे होते. शिवानीचं आजोळ तळा गावचं. लहानपणी मावशीच्या लग्नात तिने या भावांचा सनई-ढोलांचा खालू बाजा ऐकला होता, आणि तो तिच्या डोक्यातून गेला नव्हता. विचारत विचारत ती त्यांच्या गावात पोचली, तेव्हा थोरला काळूराम जाऊन वर्ष होत आलं होतं. सदा भाताच्या खळ्यात होता. तिचं सगळं ऐकून घेतल्यावर त्याने सरळ सांगितलं, "मी सूर धरणारा हाय, पोरी. गाणं भाऊ वाजवायचा. नुसता सूर कोण ऐकतं?"

ते खरंच होतं. चाळीस वर्षं काळूरामची बोटं भोकांवर नाचली आणि लोक त्याच्याकडे बघत राहिले. सदाचं काम एवढंच की गालात हवा साठवायची, नाकाने श्वास घ्यायचा आणि खालचा एक स्वर तुटू द्यायचा नाही. वरात निघो, पालखी निघो, स्वर तोच. काळूराम गेल्यावर कुणी वाजवायची सुपारी द्यायला आलं नाही, आणि सदानेही वाट पाहिली नाही.

शिवानी म्हणाली होती की तिला नुसता सूरच हवा आहे. शेवटच्या तुकड्यात यान इतकं लांब जातं, की पृथ्वीवरून उत्तर येईनासं होतं. तरी ते आपला आवाज पाठवत राहतं. हे ऐकून सदाने हातातली भाताची काडी खाली टाकली. मग त्याने किती वाजता यायचं ते विचारलं.

आणि आता दोनदा सूर तुटला होता. रेकॉर्डिंग करणाऱ्या सुजितने पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. दोन्ही वेळा बरोबर सातव्या मिनिटाला. त्यांना अकरा मिनिटं हवी होती. दम लागतोय का, थोडं थांबायचं का, असं त्याने अदबीने विचारलं.

सदाने मान हलवली. सांगावं की नाही, हे त्याला ठरवता येईना. शिवानी उठून त्याच्याजवळ जमिनीवर येऊन बसली. मग तो आपणच म्हणाला, "दम हाय. पन भावाचं गाणं तिथं संपतं."

"कुठलं गाणं, काका?"

"वरातीचं. मी सूर लावला की माझ्या कानात तो वाजवाया लागतो. तो थांबला की मी थांबतो. पुढं कधी गेलोच न्हाय."

शिवानीने सांगितलं की सात मिनिटांचंच ठेवू, काही बिघडत नाही. सदाने ते ऐकलं, सनईची पत्ती जिभेने ओली केली आणि पुन्हा एकदा चालू करायला सांगितलं.

तिसऱ्या खेपेला त्याने डोळे मिटले. काळूराम वाजवू लागला, नेहमीसारखाच, थोडा घाईने. वळणं घेत घेत तो शेवटाशी आला आणि थांबला. सदाचे गाल थरथरले. सूर हलला, पण तुटला नाही. सुरावर आता काहीच नव्हतं. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच तो स्वतःचा आवाज ऐकत होता. जाड, मातकट, थोडा घोगरा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात गुंतलेले होते, म्हणून त्याने ते वाहू दिलं. सुजितने खांद्याला हात लावून खूण केल्यावरही तो लगेच थांबला नाही.

अल्बम आला तेव्हा पेरण्या आटोपल्या होत्या. शिवानीने तो फोनवर पाठवला होता. सदा फोन घेऊन काळूरामच्या बायकोकडे, जनीकडे गेला. भर दुपार होती, ती ओटीवर चवळी निवडत बसली होती. त्याने आठवा तुकडा लावून फोन तिच्यासमोर ठेवला.

वारा वाजू लागला, मग लांबवरून गिटार. जनी निवडतच राहिली. सदाचा सूर आला तसे तिचे हात मंदावले. तिचे ओठ हलत होते, सदाला कळत होतं ती काय म्हणतेय ते. सातव्या मिनिटाला तिने वर पाहिलं.

"भावोजी, हितं संपतं ना?"

"व्हय."

"मग ह्ये काय वाजतंय?"

"पुढं मी एकलाच हाय, वैनी."

जनीने सूप बाजूला सारलं. फोन उचलून मांडीवर घेतला आणि त्यावर तळहात ठेवला. आवाज दबला, पण तिने हात काढला नाही. सूर तिच्या हाताखाली थरथरत राहिला, आणि तो संपेपर्यंत दोघं एकमेकांकडे न बघता बसून राहिली.