तळहातावरचा शिक्का

मिलूदनी कादंबरी मिटली, चष्मा काढून तिच्यावर ठेवला आणि कुसकुसचं थाळं जवळ ओढलं.

"झाली वाचून," ते म्हणाले. "शुद्ध बाष्कळपणा."

शुक्रवारच्या नमाजाहून परतल्यावर, जेवण वाढलं जात असताना, त्यांनी शेवटची पानं उभ्याउभ्याच संपवली होती. पुस्तक त्यांच्या लेकीनं, नर्जिसनं, विद्यापीठातल्या मैत्रिणीकडून आणलेलं. त्यातल्या देशात बाईला उंबऱ्याबाहेर पडायचं तर घरातल्या पुरुषाकडून तळहातावर शिक्का मारून घ्यावा लागतो. सूर्य मावळला की शाई आपोआप उडून जाते. शेवटी नायिका कोरा हात पुढे करून सरहद्दीवरच्या चौकीसमोर उभी राहते आणि गोष्ट तिथेच संपते. नर्जिस वाचून रडली होती. तिच्या वर्गातल्या मुलींनी मोबाइलवर आपापल्या कोऱ्या तळहातांचे फोटो लावले होते.

मिलूद अल्जीरियातल्या वहरान शहरी हायस्कुलात इतिहास शिकवून निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं, लिहिणाऱ्या बाईनं पुरुष कधी जवळून पाहिलेलाच नाही. परदेशात बक्षीस मिळवायचं तर असंच लिहावं लागतं. नर्जिस म्हणाली, बाबा, एवढं झोंबलं म्हणजे त्यात काहीतरी खरं असणार. त्यावरून बापलेकीची जुंपली आणि कुसकुस गार होत गेला.

"तूही वाचलंस ना?" मिलूद बायकोकडे वळले. "तूच सांग हिला."

खैरानं ताकाचा जग पुढे सरकवला. तिनं ते दोनदा वाचलं होतं, पण तिला कसं वाटलं ते आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"मला त्या नवऱ्याचं वाईट वाटलं," ती म्हणाली. "रोज सकाळी कॉफी पिता पिता शिक्का मारतो. बायकोला खरं जायचंय कुठे, ते बिचाऱ्याला कधी कळतच नाही."

नर्जिसनं कपाळावर हात मारला. मिलूद मात्र खुलले.

"ऐकलंस? आणि मी तुझ्या आईला आजवर कशालाही नाही म्हटलेलं नाही. विचार तिला."

"नाही म्हटलेलं," खैरा म्हणाली. "पण तुम्ही नाही म्हणाल असं काही मी कधी विचारलंच नाही."

मिलूद हसायला गेले आणि मध्येच थांबले. असं काय होतं, त्यांनी विचारलं.

खैरानं सांगितलं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. लग्नघरी बायकांच्या बैठकीत डफ घेऊन गाणाऱ्या बायकांचा एक ताफा होता. त्याची म्होरकी हाजा हलीमा. गच्चीवर कपडे वाळत घालताना खैरा गुणगुणत होती ते तिनं ऐकलं आणि आमच्यात ये म्हणाली. खैरानं उद्या सांगते म्हटलं. दुसऱ्या दिवशी घसा बसल्याचं कारण दिलं. घरात ती काही बोललीच नाही.

"मी नको म्हटलं असतं?"

"ते मलाही माहीत नाही."

मिलूद टेबलावरच्या कापडाची दुमडलेली कड अंगठ्यानं सरळ करत राहिले. कॅफेत त्या बायकांबद्दल काय बोललं जायचं ते त्यांनी ऐकलं होतं. तेव्हा तेही हसले होते.

नर्जिसचे डोळे भरून आले. तिनं आईचा हात धरला. म्हणाली, यम्मा, हे पुस्तक तुझंच आहे, तू तेव्हाच जायला हवं होतंस.

"आता जातेय ना," खैरा म्हणाली. "ताफा आता हलीमाची मुलगी चालवते. तालमीही झाल्या. गुरुवारी शेजारच्या समियाच्या लग्नात गाणार आहे."

नर्जिसनं हात सोडला.

"समियाच्या लग्नात? यम्मा, तिथे तौफीकची आई असेल, त्याच्या मावश्या असतील. माझ्यासाठी त्यांचा होकार अजून यायचाय. आणि तू त्या बायकांत डफ घेऊन बसणार? लोक काय म्हणतील? माझं एकदा ठरू दे, मग कुठेही गा. आत्ता नको."

बोलून झालं आणि तिची नजर चष्म्याखालच्या कादंबरीवर गेली.

"मी विचारत नव्हते गं," खैरा म्हणाली. आवाजात राग नव्हता. "सांगत होते."

ती भांडी उचलून आत गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. मिलूदनी लेकीकडे पाहिलं. टोमणा मारायची अशी संधी पुन्हा मिळाली नसती. पण त्यांनी पेल्यात ताक ओतलं आणि तो तिच्यासमोर ठेवला.

नर्जिसनं ताक प्यायलं नाही. जरा वेळानं ती उठली आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. आई पाठमोरी होती.

"निळा झगा घाल," ती म्हणाली. "काळ्यात म्हातारी दिसतेस."

"काळाच घालणार आहे," खैरा म्हणाली आणि विसळलेलं थाळं मागे न पाहताच तिच्याकडे धरलं.

नर्जिसनं फडकं घेतलं आणि ते पुसायला लागली.