दोन कार्बुरेटर

तिप्पण्णा मिस्त्रीची बहीण महानंदा बिदरच्या चढावर, लॉरीतच गेली. बाळंतपण अडलं म्हणून निर्णा गावाहून तिला बिदरच्या दवाखान्यात नेत होते. सहा सिलिंडरचं जुनं अमेरिकन इंजिन अर्ध्या चढावर उकळून बंद पडलं. तिप्पण्णा पुढं पाणी ओतत राहिला आणि मागं महानंदाचं कण्हणं थांबलं.

माती देऊन आल्यावर तो कुणाशी धड बोलेना. त्या इंजिनाचा मिस्त्री तोच होता. सगळं इंजिन खोलून बघितलं, बिघाड कुठंच नव्हता. इंजिनात तेवढी ताकदच नव्हती, आणि त्याचाच त्याला जास्त राग आला.

लढाईत फौजेची मोटार हाकून परतलेल्या बंडेप्पानं एकदा सांगितलं, "ह्याच इंजिनावर अमेरिकेत शर्यतवाले दोन कार्बुरेटर बसवत्यात, इंजिनाला तेल जास्त मिळतंय. वरचं लोखंडी झाकण, ते हेडबी बदलत्यात. मग चढ कळतबी न्हाई."

लॉरीचे मालक अंकुशराव ऐकून हसले. "चालायलीय की लॉरी. कामून उगं खटाटोप करायलास?"

तिप्पण्णाची कानशिलं तापली. दुसऱ्या दिवशी तो ते सामान शोधायला वाटेला लागला. हुमनाबादला असलं काही मिळत नव्हतं. गुलबर्ग्याच्या दुकानदारानं त्याला वेड्यात काढलं. शेवटी सोलापुरात, फौजेनं काढून टाकलेल्या सामानाच्या ढिगात, दोन कार्बुरेटर बसतील अशी नळी निघाली. कार्बुरेटर एका खोक्यात गंजत होते. हेडही तिथंच सापडलं, त्याच जातीच्या नव्या इंजिनाचं. लॉरीच्या इंजिनाचं माप गाठी मारून आणलेल्या सुतळीनं त्यानं बोल्टांची भोकं मोजली. जुळली. त्या ढिगाच्या मालकाची, भंगारवाल्याची, एक मोटार दोन वर्षं बंद पडून होती. ती चालू करून दे आणि सामान घेऊन जा, एवढीच त्याची अट. तिप्पण्णा अकरा दिवस त्या मोटारीखाली पडून होता.

सामान बसवल्यावर त्यानं रिकामी लॉरी चढावर घातली. ती एकदाही न थांबता वर आली. वर पोचून त्यानं इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर मूठ आपटली. एवढंच करायचं होतं. हे आधी केलं असतं तर महानंदा आज लेकरू पाजत बसली असती.

अंकुशरावांनी लॉरी पळताना बघितली आणि दुसऱ्याच आठवड्यात तुरीची दुप्पट पोती लादायला लावली.

"मालक, हे सामान ह्याच्यासाठी आणलं न्हाई मी," तिप्पण्णा म्हणाला.

"मग कशासाठी? लॉरी माझी हाय."

तसल्याच पोत्यांवर एके दुपारी निर्ण्याच्या नागप्पाला निजवलं. लाकडं फोडताना त्याच्या पायात कुऱ्हाड घुसली होती. बायको चन्नम्मा जखमेवर लुगड्याचा बोळा दाबून बसली होती. तिप्पण्णानं पोती उतरवायला हात घातला तर मालक म्हणाले, "आता उतरवत बसलास तर उशीर हुईल. चल."

अर्ध्या चढावर लॉरी थांबली. बोनेटमधून वाफ निघाली.

तिप्पण्णा खाली उतरला. मागं चढला, नागप्पाला एका कडेच्या पोत्यांवर सरकवलं आणि बाजूचं पोतं उचलून रस्त्याच्या खाली भिरकावलं. मग दुसरं, मग तिसरं. पोती फुटून तूर दगडांवर पसरली. पुढं बसलेले अंकुशराव खाली उतरून त्याचं धोतर ओढू लागले.

"तिप्पण्णा, डोकं फिरलंय व्हय तुझं?"

"धोतर सोडा मालक. न्हाईतर पुढचं पोतं तुमच्या अंगावर पडंल."

मालक मागं सरले. लॉरी मोकळी झाली, रेडिएटरमध्ये पाणी पडलं, आणि ती वर निघाली. नागप्पाचा पाय गेला, जीव राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांच्या अंगणात तिप्पण्णानं दोन्ही कार्बुरेटर, नळी आणि हेड उतरवलं. जुनं सामान जिथल्या तिथं बसवलं आणि इंजिन चालू करून दाखवलं.

"हे काय करायलास?" अंकुशराव म्हणाले.

"तुमची लॉरी जशी होती तशी केली. हे सामान माझ्या अकरा दिवसांचं हाय."

"तुझ्या कामाचं काय ते? लॉरी हाय का तुझ्यापाशी?"

"न्हाई," तिप्पण्णा म्हणाला. त्यानं ते जड हेड गोणपाटात बांधून खांद्यावर घेतलं, कार्बुरेटरांची पिशवी हातात धरली. भालकीच्या बाजाराला लॉऱ्या नेणाऱ्यांत दोघांकडं असलंच इंजिन होतं. हे सामान बसवलं तर जास्त पोती लादायची नाहीत, ही अट दोघांपैकी एक जण तरी ऐकतो का, ते बघायला तो निघाला. वाटेत कुणी रामराम केला तरी त्यानं मान वर केली नाही.