दादाच्या खात्यावर

“पैसे घ्यायला पिन कशाला टाकायचा?” तृप्तीने फोनवर विचारलं, आणि पलीकडचा माणूस हिंदीतून एकदम इंग्रजीत शिरला.

छाया ओसरीवर गुलछडीच्या काड्या जुळवत बसली होती. इंग्रजी ऐकून तिचा हात थांबला. माणूस मिलिटरीतला होता. देवळालीला बदली झालीय म्हणाला, व्हॅन फोटोवरूनच पसंत आहे म्हणाला, भावही पाडला नाही. त्याने वर्दीतला फोटो पाठवला होता. तो पाहून छायाने सकाळीच ठरवून टाकलं होतं की देशासाठी उभ्या राहणाऱ्या माणसाला थोडे कमी करायचे. आता त्याने ठिपक्याठिपक्यांचा एक चौकोन पाठवला होता. तो स्कॅन करून पिन टाकला की पैसे तुमच्या खात्यात येतील, असं त्याचं म्हणणं.

तृप्तीने फोन कापला.

“हा कुठं उभाबिभा नाहीये, आई. खाटेवर पडून दिवसभर हेच करतोय. पिन टाकला असता तर पैसे आले नसते, होते ते गेले असते.”

छायाने चारदा विचारलं की आपण काही दाबलं तर नाही ना. मग उठून तिने बँकेचं पुस्तक तांदळाच्या डब्यात खुपसलं, जणू तो माणूस पुस्तक शोधत मखमलाबादपर्यंत यायचा होता.

व्हॅन तिच्या नवऱ्याची, मोतीरामची. तो होता तोवर पहाटे फुलांच्या करंड्या घेऊन बाजारात जायची. तो गेल्यावर ती चिकूखाली उभी राहिली, आणि एका कोंबडीने मागच्या सीटवर अंडी घालायला सुरुवात केली. छायाला गाडी येत नव्हती. गाडीबाजारवाल्याने भंगाराचा भाव सांगितला, तेव्हा तृप्तीने फोनवरून जाहिरात टाकली. तृप्ती शहरात रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. लोकांच्या शिरा शोधून शोधून तिला माणसंही थोडीफार ओळखता यायला लागली होती.

छायाला त्या पैशातून दुकान घ्यायचं होतं. गंगापूर रोडला प्रतिभाताई नावाच्या बाईंच्या घराखाली एक छोटं दुकान रिकामं होतं. शटर, पुढे दोन पायऱ्या, बाजूला मंगल कार्यालय. अनामत भरली की नवरात्रापासून चालू. गजरे, हार, पूजेची फुलं. मळ्यातली फुलं तिच्याच हातून गिऱ्हाइकाच्या हातात. छाया ते दुकान दोनदा बघून आली होती. दुसऱ्या वेळी शटर बंद होतं, तरी ती पायरीवर बसून आली.

ही गोष्ट तिने घराबाहेर एकाच माणसाला सांगितली होती. धनराजदादाला.

धनराज आडत्या. आसपासच्या मळ्यांतली फुलं गोदेकाठच्या बाजारात त्याच्या पेढीवर जायची. तो ती विकायचा, आपली आडत कापून घ्यायचा आणि उरलेले पैसे ठेवून घ्यायचा. बायकांनाही तेच हवं असायचं. घरात पैसा आला की नवरा मागतो, दीर मागतो, देवळाची वर्गणी मागायला येतात. दादाकडे असला की कुणाला दिसत नाही. लागेल तसा शनिवारी जाऊन आणायचा. छायाच्या सासूपासून असंच चाललेलं. तृप्तीची फी त्या पेढीवरून आली, मोतीरामच्या दवाखान्याचं बिल तिथूनच भागलं. मोतीराम गेला त्या दिवशी धनराज न बोलावता, न मागता पैसे घेऊन दारात उभा होता. त्या वर्षापासून छाया त्याला राखी बांधत होती, आणि फुलं त्याच्याच टेम्पोतून जात होती.

फौजीनंतर खरं गिऱ्हाईक आलं ते थेट कुडाळहून. तुळसकर नावाचे गृहस्थ, खानावळ चालवणारे. खारा वारा तिकडच्या गाड्यांचे पत्रे खाऊन टाकतो, म्हणून त्यांना घाटावरची, न गंजलेली व्हॅन हवी होती. तृप्तीने त्यांची उलटतपासणीच घेतली. पैसे खात्यात दिसल्याशिवाय चावी नाही. मेसेजवर विश्वास नाही, बँकेत जाऊन बघणार. चेक नाही. अर्धे आत्ता, अर्धे पोचल्यावर, तेही नाही. तुळसकर सगळ्याला हो म्हणत गेले आणि शेवटी छायाशी बोलायचंय म्हणाले.

“वैनी, पैसे आदी, गाडी मागीर. तुमचा समाधान झाला की माका फोन करा.”

छायाला भाषा अर्धीच कळली, आवाज मात्र पुरा कळला. तरी फौजीचाही आवाज चांगलाच होता.

दुसऱ्या दिवशी तृप्ती कामावर असताना तुळसकरांनी खात्याचा नंबर मागितला. नंबर घेऊन लोक खाती रिकामी करतात, हे तिने टीव्हीवर पाहिलं होतं. तिच्या खात्यात होतं ते काही फार नव्हतं, पण तिचं होतं. कोकणातल्या, तोंडही न पाहिलेल्या माणसाला घरातला नंबर द्यायचा कसा? तिने धनराजला फोन लावला.

“माझ्या खात्याचा दे की,” तो म्हणाला. “आपल्याला रोजचं हाय. कोण काय काढून नेतो बघू.”

तिने दिला. तो क्षण तिला नंतर पुष्कळदा आठवला, आणि सगळ्यात वाईट म्हणजे तेव्हा किती हलकं वाटलं होतं ते आठवलं. दारात चोर आलाय म्हणून तिने दागिने शेजारी नेऊन ठेवले होते, इतकं सरळ होतं ते.

संध्याकाळी तृप्तीने कपाळाला हात लावला.

“आई, एवढं सगळं मी त्या परक्या माणसासाठी केलं. तू पैसे मामाच्या खात्यावर घेतलेस?”

“मग? दादाकडंच असतात आपले पैसे.”

“फुलांचे असतात. हे गाडीचे आहेत.”

“पैसा तो पैसा,” छाया म्हणाली, आणि विषय संपवायला भाकरी थापायला बसली.

धनराजचा फोन आला, पैसे आले. तुळसकर रात्रभर प्रवास करून स्वतः आले. पोट सुटलेला, कानात केस असलेला माणूस. त्यांनी व्हॅनभोवती चक्कर मारली, पत्र्यावर हात फिरवला आणि कागद घडी करून खिशात ठेवण्यापूर्वी परत एकदा विचारलं, पैसे सगळे पोचले ना. छायाने गाडीला हळदकुंकू वाहिलं. मोतीरामच्या गाडीला नारळ फोडायचा की नाही हे तिला ठरवता येईना, तेव्हा तुळसकरांनीच नारळ फोडला आणि अर्धी वाटी तिच्या हातात दिली. व्हॅन वळणावर दिसेनाशी झाली. कोंबडी बराच वेळ चिकूखाली फिरत राहिली.

आठवड्याभरात राखीपौर्णिमा आली. छाया धनराजकडे गेली. त्याची सून संध्या हिने पाट मांडला, पुरण केलं होतं. धनराजने ताटात पाचशेची नोट टाकली, वर साडी. राखीच्या दिवशी भावाकडे पैशाचं काढायचं नसतं, म्हणून छाया काही बोलली नाही. ओवाळणी घेऊन परत येताना बसमध्ये तिच्या मनात आलं की आपलेच पैसे ज्याच्याकडे आहेत त्याने आपल्याला पाचशे दिले. मग असं मनात आलं म्हणून तिची तिलाच लाज वाटली.

नंतर मात्र ती मागायला लागली. आधी बँकेला सुट्टी होती. मग म्हणे बँकेचं मशीन बंद होतं. मग गणपती आले आणि सगळा पैसा मालात अडकला, जो खरंच अडकतो, हे तिलाही माहीत होतं. दर वेळी चहा व्हायचा. दर वेळी धनराज म्हणायचा, कुठं पळून चाललोय का मी. आणि खरंच, तो कुठेच पळत नव्हता. रोज पहाटे त्याच पेढीवर, त्याच लाकडी स्टुलावर बसलेला असायचा.

विसर्जन झालं आणि छायाने प्रतिभाताईंना फोन करून थोडी मुदत मागितली.

“अहो, मुदत कसली?” प्रतिभाताई म्हणाल्या. “अनामत तर केव्हाच मिळाली. तुमचे भाऊ येऊन देऊन गेले. करार त्यांच्या सुनेच्या नावाने केला. मला वाटलं, घरचंच दुकान आहे, तुम्ही दोघी मिळून बसणार.”

छायाने बरं म्हणून फोन ठेवला. मग उठून साडी बदलली आणि गंगापूर रोडला गेली. शटर उघडं होतं. आत सुतार फळ्या ठोकत होता आणि पायरीवर उभा राहून पेंटर पाटी रंगवत होता. संध्याचं नाव पूर्ण झालं होतं, खालची फुलं काढायची राहिली होती. ती फुलं कसली असतील, याचा छाया बराच वेळ विचार करत रस्त्यापलीकडे उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी ती बाजारात गेली. धनराजने चहा सांगितला.

“गंगापूर रोडचं दुकान कुणी घेतलं, दादा?”

तो दचकला नाही. “आपणच. संध्याच्या नावानं.”

“माझ्या पैशानं?”

“तुझा पैसा, माझा पैसा असं कधी केलंय का आपण? ऐक. पिकवण्यात तुझा हात धरणारी कोण नाय. पण इकणं तुला जमायचं नाय, छाया. तिथलं गिऱ्हाईक येगळं. संध्या शिकलेली हाय. फुलं तुझीच जातील तिथं, मी काय बाहेरून आणणार हाय का? तू पिकव, ती इकंल. आन् पैशाचं म्हणशील, तर शनिवारी नेत जा थोडे थोडे. नेतीच की.”

तो खोटं बोलत असता तर बरं झालं असतं. पण छाया त्याच्या तोंडाकडे बघत होती आणि तिथे लबाडी सापडत नव्हती. आपण बहिणीचं भलं केलं अशी त्याची खात्री होती, आणि आपल्या भलेपणाची अशी खात्री असलेल्या माणसाशी भांडायचं कसं, ते तिला कुणी शिकवलं नव्हतं.

“माल मात्र इकडंच येऊ दे,” तो हळूच म्हणाला, औषधाच्या वेळेची आठवण करून द्यावी तसा. “माल दुसरीकडं फिरला की हिशोब लांबतो. तुला काय सांगायचं.”

तेव्हा तिला समजलं. तिने दुकानाचं सांगितलं होतं तो दिवस त्याच्यासाठी वेगळा होता. तिला वाटलं होतं आपण भावाला आनंद सांगतोय. त्याने ऐकलं होतं की एक मळा हातचा चाललाय.

ती उठली. चहा तसाच राहिला.

“शनिवारी तृप्ती येईल,” ती म्हणाली. “तिच्याकडं द्या, धनराजशेठ.”

त्याने मान वर केली. इतक्या वर्षांत तिने त्याला शेठ म्हटलं नव्हतं. पण तोवर ती करंड्यांच्या रांगेपलीकडे गेली होती.

शनिवारची वाट न बघता तृप्तीने तिला पोलीस चौकीत नेलं. हवालदार तृप्तीच्याच वयाचा होता, नीट बोलला. गाडी घेणाऱ्याने फसवलं का? नाही. त्याने सगळे पैसे दिले? दिले. कुणाच्या खात्यावर? मी सांगितलेल्या. मग त्या खातेवाल्याने पैसे देणार नाही असं म्हटलंय का? छाया म्हणाली, देतो म्हणतोय. हवालदाराने पेन खाली ठेवलं. अर्ज द्यायचा तर द्या म्हणाला, घेतो मी. तृप्तीने दिला. परत येताना ती रिक्षात रडली, आणि छायाने तिच्या पाठीवर हात ठेवला. खरं तर रडायची पाळी कुणाची होती, हे दोघींनाही माहीत होतं.

त्याच आठवड्यात तुळसकरांचा फोन आला. गाडी उत्तम चाललीय, दोन्ही वेळचे डबे तिच्यातूनच जातात. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, “वैनी, पैशांचा काय रवला नाय मा?”

पाच जिल्हे पलीकडचा, कानात केस असलेला माणूस अजून विचारत होता.

“नाय भाऊ,” ती म्हणाली. “तुमच्याकडून काहीच राहिलं नाय.”

पुढच्या पहाटे धनराजचा टेम्पो मळ्याच्या वाटेवर येऊन हॉर्न वाजवत उभा राहिला. छायाने जाऊन ड्रायव्हरला सांगितलं, आजपासून थांबू नको. मग दोन करंड्या शेवंती तिने रिक्षात चढवली आणि नदीकाठी गेली. पेढ्या जिथे संपतात आणि बायका पोती टाकून बसतात तिथे तिने पोतं टाकलं. शेजारी भागुबाई नावाची म्हातारी झेंडू घेऊन बसली होती. तिने छायाच्या फुलांकडे पाहिलं, मग छायाकडे, आणि आपलं पोतं थोडं ओढून जागा केली.

“शेवंती कशी दिली?” एका बाईने विचारलं.

छायाने तोंड उघडलं आणि काही निघेना. जन्मभर तिने शेवंती लावली, खुडली, उन्हातून वाचवली. तिचा भाव मात्र कायम दुसऱ्याच्या तोंडून निघाला होता. घाईघाईत ती काहीतरी बोलली. बाईने एका शब्दाची घासाघीस न करता दोन किलो घेतली आणि पटकन निघून गेली.

“एवढ्या स्वस्तात देशील तर आमी उठायचं का आता?” भागुबाई म्हणाली. “आन् तू काय घरी नेशील?”

सूर्य वर आला. पुढचा आला तो कुठल्याशा मंगल कार्यालयाचा माणूस होता, मोटरसायकलवरून न उतरताच त्याने हनुवटीने करंडीकडे खूण केली. छायाने या वेळी भाव सांगितला. स्वतःचा आवाज तिला जरा मोठाच वाटला.

“मावशी, तिकडं पेढीवर याच्यापेक्षा कमी लावतात.”

“लावत असतील.”

तो थोडा वेळ थांबला, तिच्या तोंडाकडे बघत, ती भाव उतरवायची वाट बघत. मग गाडी वळवून गेला. भागुबाईने कोपराने ढोसलं, म्हणजे हाक मार.

छायाने हाक मारली नाही. तिने नदीचं पाणी ओंजळीत घेतलं आणि फुलांवर शिंपडलं.